न ठरवलेले कोण ठरवते?

दोघांनी भागीत धंदा काढायचा म्हटले की सगळ्यात आधी नाव ठरते. मग गाळा, मग सत्यनारायण, मग पाटी. खारेपाटणला महामार्गाच्या कडेने जाताना अशा पाट्या दिसत राहतात. काजू, चिरा, हार्डवेअर, गाड्यांचे सुटे भाग, जेवणाची सोय. त्यांतल्या कित्येक पाट्यांमागे दोन-तीन घरे असतात आणि त्या घरांत मिळून एकही कागद झालेला नसतो. का, म्हणून विचारले तर उत्तर येते, ‘आपल्यात कागद कित्याक व्हयो?’

या उत्तरातला विश्वास खरा आहे. तो नसता तर कोकणात निम्मे धंदे उभेच राहिले नसते. चूक आहे ती त्याच्या पोटातली समजूत. कागद नाही म्हणजे अटी नाहीत, जेव्हा लागतील तेव्हा बसून ठरवू, असे दोघेही धरून चालतात. प्रत्यक्षात पहिल्या दिवसापासून अटी लागू झालेल्या असतात. त्या दोघांनी ठरवलेल्या नसतात, इतकेच. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 हा कायदा 1 ऑक्टोबर 1932 पासून चालू आहे. नफा वाटून घेण्याचे ठरवून धंदा करणारी माणसे त्याच्या लेखी भागीदार. त्याला दस्तऐवज लागत नाही, तोंडी बोलणे पुरते. आणि जिथे भागीदार बोललेले नाहीत तिथे हा कायदा त्यांच्या वतीने बोलतो.

काय बोलतो, ते कलम 13 मध्ये आहे. नफा सगळ्यांना सारखा, तोटाही सगळ्यांवर सारखा. कोणी किती पैसे घातले, कोण किती राबला, याचा वाट्याशी संबंध नाही. धंद्यात काम करणाऱ्या भागीदाराला त्या कामाचा मोबदला नाही. भांडवलावर व्याज नाही. द्यायचे ठरलेच असेल तर ते नफ्यातून, नफा नसेल तर नाही. भांडवलाच्या वर कोणी धंद्याला पैसे दिले असतील तर त्यावर मात्र सालीना सहा टक्के. हे सहा टक्के 1932 सालचे आहेत, आजही तेच आहेत. या सगळ्यांच्या आधी एक शर्त आहे : भागीदारांनी आपसात वेगळे ठरवले नसेल तर. म्हणजे कायदा कोणावर काही लादत नाही. तुम्ही ठरवा, मी बाजूला होतो, असेच तो म्हणतो. आपण ठरवत नाही.

हे नियम मुळात वाईट नाहीत. सारख्या ताकदीचे, सारखे पैसे घालणारे, रोज एकाच गल्ल्यावर बसणारे दोघे असतील तर यापेक्षा सरळ वाटणी सापडणार नाही. पण आपल्याकडची भागी बहुधा अशी नसते. एकाचा पैसा मुंबईचा, दुसऱ्याचे हातपाय इथले, हीच सिंधुदुर्गातली नेहमीची जोडी. चाकरमानी निवृत्त होतो, फंड-ग्रॅच्युइटी हातात येते, गावी काहीतरी करावे असे मनात असते. चुलतभाऊ, मेव्हणा, नाहीतर शाळेतला सोबती गावातच असतो. त्याच्यापाशी पैसा नाही, पण जागा, ओळखी आणि वेळ आहे. या जोडीला 1932 चा नियम लावून पाहिला म्हणजे तो काय करतो ते कळते.

समजा, दोन चुलतभावांनी काजूचा छोटा कारखाना काढला. थोरल्याने 9 लाख घातले, धाकट्याने होते नव्हते ते 1 लाख. थोरला डोंबिवलीला, गणपतीला आणि होळीला येणार. धाकटा पहाटेपासून कारखान्यावर. मार्च ते मे बी खरेदी, मग उकडणे, कटिंग, सोलणे, प्रतवारी, डबे भरणे, बायकांची मजुरी, विजेचे बिल, मुंबईच्या दलालाला फोन. पाच वर्षे. घरखर्चाला तो महिन्याला थोडी उचल घेत होता, ती त्याच्या नावे मांडलेली. एका हंगामात बी चढ्या भावाने घेतली गेली, गराचा भाव पडला आणि धंदा बसला. यंत्रे विकून, बँकेचे आणि बागायतदारांचे देणे भागवून हातात 4 लाख उरले. उचलीचा हिशेब सोपेपणासाठी बाजूला ठेवू.

गावात बसून कोणीही याचा निवाडा करील तो असा, की 10 पैकी 6 लाख गेले, तेव्हा उरलेले 4 ज्याच्या-त्याच्या पैशाच्या मानाने वाटून घ्या. थोरल्याला 3 लाख 60 हजार, धाकट्याला 40 हजार. दोघेही पोळले, दोघेही घरी गेले.

कायद्याचा हिशेब निराळा आहे. भांडवल बुडाले तर तोही तोटाच आणि तोटा सारखा, म्हणजे माणशी 3 लाख. कलम 48 प्रमाणे तोटा आधी नफ्यातून भरायचा, मग भांडवलातून आणि तेही पुरले नाही तर नफ्याच्या प्रमाणात भागीदारांनी आपल्या खिशातून. धाकट्याचे भांडवल 1 लाखच. तेव्हा ते 1 लाख गेलेच, वर त्याने आणखी 2 लाख आणून घालायचे. उरलेले 4 आणि हे 2 मिळून 6 लाख थोरल्याला परत. पाच वर्षे राबलेल्या माणसाने, मोबदला न घेता राबलेल्या माणसाने, दुसऱ्याच्या बुडालेल्या पैशाची भरपाई करायची. थोरला मनाने कितीही चांगला असो, उद्या तो वारला आणि त्याच्या मुलांनी वकील केला तर वकील त्यांना हेच कलम उघडून दाखवील, आणि त्यात वकिलाची काही चूक नाही. ‘आमचे तसे ठरले नव्हते’ असे धाकटा म्हणू शकतो. वागणुकीवरून करार सिद्ध करण्याची वाट कायद्याने ठेवलेलीही आहे. पण सिद्ध त्याने करायचे, कणकवलीच्या दिवाणी न्यायालयात, कागदाशिवाय.

धंदा चालला असता तर तक्रार थोरल्याची असती. 9 लाख अडकवून त्याला व्याजाचा रुपया नाही आणि नफा निम्माच. बँकेत ठेव ठेवली असती तरी बरे झाले असते, असे त्याच्या घरात बोलले गेले असते. म्हणजे बुडाले तर राबणारा भरडला जातो, चालले तर पैसेवाला कुढतो. भागीचे घोडे किवणाने मेले, असे आपण दोन माणसांच्या आळसावर बोट ठेवून म्हणतो. इथे दोघेही आळशी नव्हते.

मधल्या काळात थोरल्याने फोनवरून दोनदा पैसे पाठवले, असेही होते. बी घ्यायला हात आखडला म्हणून एकदा 2 लाख, एकदा दीड. ते भांडवल की उसने? उसने असतील तर त्यावर सहा टक्के व्याज आणि हिशेब मिटवताना भांडवलाच्या आधी ती रक्कम परत. भांडवल असेल तर व्याज नाही आणि नंबर मागचा. बँकेच्या पासबुकात नुसता आकडा आणि नाव. त्या दिवशी ‘हे उसने देतो आहे’ एवढा एक निरोप मोबाइलवर टाकला असता तर पुढचा निम्मा तंटा टळला असता.

थोरल्याला ठाऊक नसते अशी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती त्याने पैसे घालण्याआधी नीट समजून घ्यावी. कलम 18 आणि 19 प्रमाणे प्रत्येक भागीदार हा धंद्यापुरता बाकीच्यांचा मुखत्यार. धाकट्याने धंद्यासाठी उधारीवर बी उचलली तर तिचे देणे थोरल्यालाही बांधते आणि कलम 25 प्रमाणे ते पुरेपूर बांधते. देणेकऱ्याला निम्मेच थोरल्याकडून मागावे लागत नाहीत, सगळे एकट्याकडून मागता येतात. डोंबिवलीचा फ्लॅट त्यातून सुटत नाही. मी फक्त पैसे घातलेत, धंदा तो बघतो, हे बोलणे देणेकऱ्यापुढे चालत नाही.

मृत्यूचे कलम तर कोणी बोलतच नाही, अभद्र वाटते म्हणून. वेगळे ठरलेले नसेल तर कलम 42 प्रमाणे एक भागीदार गेला की पेढी तिथेच विसर्जित होते. तीन भाऊ असतील आणि ‘एक गेला तरी उरलेले चालवतील’ असे लिहिले असेल तर ती चालते. दोघेच असतील तर ते लिहूनही पुरत नाही, कारण एकटा माणूस कोणाचा भागीदार असणार? सर्वोच्च न्यायालयाने हे 1965 सालीच सांगून ठेवले आहे. दोघांच्या पेढीत वारसाला घ्यायचे तर नव्याने करार लागतो. तोवर बँकेचे खाते अडकते, माल पडून राहतो, आणि कालपर्यंत जी वहिनी जेवणाचा डबा पाठवत होती तिला एका सकाळी वह्या दाखवा म्हणावे लागते. महाराष्ट्रात मयत भागीदाराच्या वारसांना वह्या पाहण्याचा, उतरवून घेण्याचा हक्क आहे. उरलेल्याने हिशेब न मिटवता धंदा तसाच चालू ठेवला तर तिच्या वाट्याच्या पैशावर मिळालेला नफा, नाहीतर सहा टक्के व्याज, यांतले हवे ते मागण्याचाही हक्क तिला कलम 37 देते. हे तिला सांगणारे कोणी तिच्या जवळपास असते का?

महामार्ग चौपदरी होताना कोकणात रस्त्याकडेची कितीतरी दुकाने, गाळे, शेड गेली. मोबदला ज्याच्या नावे जागा-बांधकाम त्याच्या नावे निघतो. पण भागीच्या पैशातून बांधलेली शेड एकाच्या नावावर असेल तर ती कायद्याने पेढीची मालमत्ता ठरू शकते. कलम 14 तेच सांगते. एरवी पंचवीस वर्षे कोणी न विचारलेला प्रश्न अशा धनादेशाबरोबर घरात येतो.

लिहून ठेवणे ही काही या गावाला बाहेरून आलेली रीत नव्हे. विजयदुर्गच्या खाडीतून गलबते वर खारेपाटणपर्यंत येत आणि इथून माल घाटावर जाई, त्या काळातले ताम्रपट इथेच सापडले. शके 930, म्हणजे सन 1008 चा शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट मंदिराला दान देताना परदेशाहून येणाऱ्या गलबतामागे किती सोने द्यायचे, कोणत्या बंदरांची गलबते त्यातून वगळायची, हे नावानिशी सांगतो. शके 1016 चा, उत्तर कोकणच्या अनंतदेवाचा ताम्रपट तर या विषयाच्या फारच जवळचा आहे. भाभण श्रेष्ठी आणि धणाम श्रेष्ठी हे दोन भाऊ. त्यांच्या व्यापाराला ठाणे, सोपारा, चौल अशा बंदरांत जकात माफ केल्याचे त्यात नोंदवले आहे. कोणाला, कशावर, कुठे : तिन्ही गोष्टी तांब्यावर. सख्ख्या भावांचा धंदा होता आणि राजाची मर्जी होती, तरी शब्दावर ठेवले नाही.

खाली मालवण, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरची रापण तर अजून डोळ्यांसमोर आहे. ती कागदावर नसते, पण मोघमही नसते. कोणाचे जाळे, कोणाचे ओढणे, कोणाला किती वाटा, हे जाळे पाण्यात जाण्याआधी सगळ्यांना माहीत असते आणि वाटे वाळूत सगळ्यांदेखत पडतात. श्रमाला वाटा असतो हे त्या मंडळींना कोणी कलम वाचून शिकवलेले नाही. मग जाळ्याच्या ठिकाणी यंत्र आले, होडीच्या ठिकाणी टेम्पो आला, की आपण हे का विसरतो?

आता नोंदणीबद्दल, कारण तिथे नुकसान सगळ्यात सहज होते. जीएसटी क्रमांक आहे, पॅन आहे, उद्यमची नोंद आहे, दुकानाचा परवाना आहे, म्हणून पेढी नोंदलेली आहे असे मानणारे पुष्कळ भेटतात. नोटरीचा शिक्का असला की काम झाले असेही मानतात. यांतली एकही गोष्ट म्हणजे भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडची नोंदणी नव्हे. ती नोंदणी सक्तीची नाही, पण नसेल तर कलम 69 आडवे येते. धंद्यातल्या करारावरून पेढीला बाहेरच्या कोणावर दावा लावता येत नाही. म्हणजे वाशीच्या बाजारात दलालाकडे आंब्याचे 3 लाख अडकले तर बिननोंदणीच्या पेढीला ते न्यायालयातून वसूल करता येत नाहीत. दलालाला मात्र तिच्यावर दावा लावता येतो. दावा लावल्यावर मध्येच धावपळ करून नोंदणी केली तरी तो दावा सावरत नाही. नव्याने लावावा लागतो, आणि तोवर मुदत उरलेली असली पाहिजे.

महाराष्ट्राने यात एकदा फार कठोर पाऊल टाकले होते. 1984 च्या दुरुस्तीने, 1 जानेवारी 1985 पासून, बिननोंदणीच्या पेढीतल्या भागीदाराला आपल्याच भागीदारावर विसर्जनाचा किंवा हिशेबाचा दावा लावण्यासही, थोडे अपवाद सोडता, मनाई झाली. मूळ कायद्यात ती वाट मोकळी होती. लोकांनी नोंदणी करावी हा हेतू. घडले असे, की ज्याच्या ताब्यात गल्ला त्याचेच फावले. दुसऱ्याने हिशेब मागायचा तर दारच बंद. मार्च 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पोटकलम घटनाबाह्य ठरवून काढून टाकले. नोंदणी केली नाही म्हणून माणसाला त्याच्या मालमत्तेला मुकवणे हे त्या चुकीच्या मानाने अवाजवी आहे, हा त्यातला मुद्दा. निकाल योग्यच होता. पण चोवीस वर्षे इतका मोठा धाक असूनही तोंडी भागी संपली नाही, हेही त्यातून दिसले. शिक्षेने हा कागद तयार होत नाही.

म्हणून मागणे दोन आहेत. पहिले विधिमंडळाकडे. भागीदारी हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, राज्याला त्यात दुरुस्ती करता येते, 1984 साली केलीच होती. ती भागीदारांना धाक घालण्यासाठी होती. आता एक त्यांच्या बाजूने करावी. भागीदारांनी काही ठरवलेले नसेल तेव्हा पूर्णवेळ राबणाऱ्याला वाजवी मोबदला धरावा, आणि एकाचे भांडवल व दुसऱ्याचे श्रम अशी भागी असेल तर भांडवलाच्या तुटीसाठी श्रम देणाऱ्याच्या खिशात हात घालू नये. हा विचार जगावेगळा नाही. 1957 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले होते. एकाने दहा हजार डॉलर घातले, दुसऱ्याने घरांच्या स्वयंपाकघरांची कामे करून घेतली, धंदा बुडाला, आणि पैसेवाल्याने निम्मा तोटा मागितला. न्यायालयाने तो नाकारला. पैसेवाल्याचे पैसे गेले तसे राबणाऱ्याचे श्रमही गेले, दोघांचे नुकसान झालेले आहे, असे त्याने धरले. पुढे अमेरिकेतल्या नमुना कायद्याने हे मत उचलले नाही, हे खरे. पण आपल्या गावातली पैसा-श्रमाची जोडी ज्याने पाहिली आहे त्याला यातला न्याय कळायला वेळ लागणार नाही.

दुसरे मागणे कणकवलीच्या वकील मंडळींकडे आणि व्यापारी संघटनांकडे. साध्या मराठीत दोन पानांचा नमुना करून द्या. कोणी किती घातले आणि ते भांडवल की उसने. नफ्यात वाटा किती आणि तोट्यात किती, कारण हे दोन आकडे वेगळे असू शकतात. राबणाऱ्याला महिन्याला काय. उधारी किती रकमेपर्यंत एकट्याच्या सहीने. जागा आणि यंत्रे कोणाची. एक गेला किंवा बाहेर पडला तर त्याच्या घरच्यांना किती दिवसांत किती. बाहेर पडणाऱ्याने जाहीर नोटीस दिली नाही तर पेढीच्या पुढच्या देण्यांतही तो अडकू शकतो, ही ओळही त्यात हवी. हे सगळे दुकानाच्या ओट्यावर बसून एका संध्याकाळी भरून होण्यासारखे आहे.

नमुन्यात मजकूर कमी आणि मोकळ्या जागा जास्त असाव्यात. सध्या झेरॉक्सच्या दुकानातून जे तयार भागीदारी पत्र मिळते ते बहुतेक वेळा इंग्रजीत असते, आणि पगार, व्याज, तोटा या नेमक्या जागी त्यात लिहिलेले असते की या बाबी भागीदार परस्पर संमतीने वेळोवेळी ठरवतील. त्यावर सह्या होतात, शिक्के बसतात, पैसे दिले जातात. ते ठरवणे पुढे होत नाही आणि तंटा आला की पुन्हा कलम 13 च लागू होते. भागीदारांनी सही करण्यापूर्वी ते एक वाक्य खोडून त्याच्या जागी आकडे लिहावेत.